ऑटिझम आणि जनुकं: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मुलाला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की थोड्याच दिवसांत घरात दोन प्रश्न उभे राहतात. हे कशामुळे झालं? आणि कोणामुळे झालं? पहिल्या प्रश्नावर जगभर पन्नासएक वर्षं काम चाललं आहे आणि त्यातून बरंच हाती लागलं आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र घरं मोडतात, म्हणून त्याचंही उत्तर इथे सरळ दिलं आहे. जनुकीय समुपदेशनाला येणारे आई-वडील, आजी-आजोबा, कधी मावशी-काका जे विचारतात तेच प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत.

ऑटिझम आनुवंशिक असतो हे कळलं कसं?

जुळ्या मुलांमुळे. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत निदान एकाला तरी ऑटिझम होता. हुबेहूब दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजांडापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम निघाला. वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेल्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. जोड्या थोड्या होत्या, पण दोन्ही प्रकारची जुळी एकाच पोटात आणि एकाच घरात वाढलेली असतात. मोठा फरक असतो तो जनुकांच्या सारखेपणात. म्हणून हा छोटा अभ्यास फार महत्त्वाचा ठरला.

२०१९ साली डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या २० लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या गेल्या. ऑटिझम कोणाला असतो आणि कोणाला नसतो, या फरकात जनुकांचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. हा आकडा संपूर्ण लोकसंख्येबद्दल आहे. ‘माझ्या मुलाचा ऑटिझम ८० टक्के जनुकांमुळे आणि २० टक्के मोबाईलमुळे’ असा अर्थ त्यातून निघत नाही. उरलेल्या वाट्यात खूप आधी झालेली प्रसूती, गरोदरपणात घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध अशा गोष्टी येतात. (फिटचं औषध कोणीही मनाने बंद करू नये. गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून ते बदलून घेता येतं.)

आमच्या दोन्ही घराण्यांत कोणालाच असं नाही. मग आनुवंशिक कसं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं आणि त्यात तथ्य आहे. जनुकांमुळे झालेली प्रत्येक गोष्ट घराण्यात आधी दिसलेली असतेच असं नाही. वाटा निदान तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे अगदी नवा बदल. प्रत्येक बाळाच्या डीएनएमध्ये आईकडे किंवा वडिलांकडे नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. बहुतेकांचा काही परिणाम होत नाही. पण एखादा बदल मेंदूच्या जडणघडणीतल्या महत्त्वाच्या जनुकावर पडला तर परिणाम दिसतो. २००७ साली जोनाथन सेबाट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात एकट्याच मुलाला ऑटिझम असेल, तर अशा सुमारे १० टक्के मुलांमध्ये गुणसूत्राचा एखादा तुकडा नव्याने गळालेला किंवा दुप्पट झालेला असतो. आई-वडिलांच्या रक्तात तो बदल नसतोच.

दुसरी वाट सगळ्यात रुंद आणि सगळ्यात कमी समजली जाणारी. आपल्या सगळ्यांच्या डीएनएमध्ये लाखो ठिकाणी छोटे, सर्वसामान्य फरक असतात. त्यातले हजारो ऑटिझमची शक्यता किंचित वाढवतात किंवा किंचित कमी करतात. उंची जशी असंख्य जनुकांवर ठरते, तसंच. डेन्मार्कमध्ये नवजात बाळांच्या रक्ताचे वाळवलेले ठिपके वर्षानुवर्षं जपून ठेवले जातात. त्यांच्या आधारे १८ हजारांवर ऑटिस्टिक व्यक्तींचा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये अशा फरकांच्या पहिल्या ५ पक्क्या जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम नगण्य आहे. बेरीज मात्र मोठी होते, आणि ती बेरीज आई आणि वडील दोघांकडून आलेली असते. म्हणूनच ‘कोणालाच नाही’ असं म्हणता म्हणता कोणी तरी सांगतं की आजोबा कोणाशी फारसे बोलायचे नाहीत पण रेल्वेचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं, काका ठरलेल्या वेळेच्या पुढे-मागे जेवत नसत. एखादा वडील हळू आवाजात म्हणतो, ‘मीही लहानपणी असाच होतो.’ हे ऐकताना खोलीत जो हलकेपणा येतो तो मला फार मोलाचा वाटतो.

तिसरी वाट म्हणजे दुर्मीळ पण वारशाने आलेला बदल. तोच बदल आईत असूनही तिला काही त्रास नसतो, मुलात मात्र त्याचा परिणाम दिसतो. सोळाव्या गुणसूत्रावरचा एक ठरावीक तुकडा गळण्याच्या किंवा दुप्पट होण्याच्या बाबतीत असं बऱ्याचदा घडतं.

दोष आईकडून आला की वडिलांकडून?

दोष कोणाकडूनच आला नाही. हे समजुतीसाठी म्हटलेलं वाक्य नाही, संशोधनाचा निष्कर्ष आहे.

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात स्थान दिलं. हे जन्मजात असावं असं त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. तरी पुढची वीसेक वर्षं ‘आईचं प्रेम कमी पडलं’ ही कल्पना पसरली. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारख्या मानसतज्ज्ञांनी ती मोठ्या आवाजात मांडली आणि हजारो आयांनी ते ओझं वाहिलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, ज्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, त्यांनी हा विचार पुराव्यानिशी खोडून काढला.

आपल्याकडे ते ओझं वेगळ्या शब्दांत येतं. ग्रहणात भाजी चिरली, सातव्या महिन्यापर्यंत नोकरी केली, पोटात असताना सारखी रडायची, तिच्या माहेरीच काहीतरी असणार. यातल्या कशानेही जनुकं बदलत नाहीत. उलट नवे बदल मोजायला गेलं तर ते शुक्रपेशींतून जास्त येतात. आइसलँडमधल्या कुटुंबांच्या २०१२ सालच्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे बाळात सरासरी २ नवे बदल वाढलेले दिसले. पण म्हणून आता वडिलांना धरून बसायचं नाही. चाळिशीतल्या बहुसंख्य वडिलांच्या मुलांना ऑटिझम नसतो. पेशी विभागताना होणाऱ्या या घटना आहेत, त्यांवर कोणाचा ताबा नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरात हा परिच्छेद मोठ्याने वाचावा.

ऑटिझमचं असं एक जनुक आहे का?

नाही. २००३ साली पॅरिसमध्ये तोमा बुर्जरों यांच्या गटाला न्यूरोलिगिन नावाच्या दोन जनुकांत पहिले स्पष्ट बदल सापडले. तेव्हा वाटलं, आता यादी लवकरच पूर्ण होईल. २०२० मध्ये ३५ हजारांहून जास्त व्यक्तींच्या तपासणीतून १०२ जनुकांची यादी आली, आणि दोन वर्षांत ती आणखी लांबली. यातलं कोणतंही एक जनुक घेतलं तरी त्याच्यामुळे ऑटिझम असलेली मुलं शंभरात एकाहूनही कमी भरतात.

या जनुकांची कामं पाहिली की मात्र चित्र जुळायला लागतं. काही जनुकं दोन चेतापेशींमधला सांधा घडवतात, उदाहरणार्थ शँक ३. काही इतर जनुकं कधी चालू व्हायची आणि कधी बंद, हे ठरवतात. सीएचडी ८ हे त्यातलं. त्यात बदल असलेल्या मुलांचं डोकं बऱ्याचदा मोठं असतं आणि बद्धकोष्ठतेचा त्रास असतो. जनुक कळलं की पोटाच्या तक्रारीकडे ‘हट्टीपणा’ म्हणून बघणं थांबतं, हा माझ्या दृष्टीने खरा फायदा.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आणि सायमन्स फाउंडेशनच्या संशोधकांनी ५ हजारांवर मुलांच्या वागण्या-वाढण्याच्या नोंदी घेऊन चार गट पाडले आणि प्रत्येक गटामागचं जनुकीय चित्र वेगळं निघालं. ज्या मुलांचे वाढीचे टप्पे वेळेवर येतात पण निदान उशिरा होतं, चंचलता आणि चिंता जास्त असते, त्यांच्यात बदल सापडलेली जनुकं बहुतांशी जन्मानंतर कामाला लागणारी होती. ‘शेजारच्या मुलाला या थेरपीने फरक पडला, आमच्याला का नाही?’ याचं थोडं उत्तर इथे आहे.

डॉक्टरांनी फ्रॅजाइल एक्सची टेस्ट वेगळी सांगितली आहे. ती कशासाठी?

फ्रॅजाइल एक्स हा एकाच जनुकामुळे होणारा, वारशाने येणारा आजार आहे, आणि ऑटिझमच्या अशा कारणांमध्ये तो सगळ्यात जास्त आढळतो. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर १ या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. तो २०० पेक्षा जास्त वेळा आला की जनुक बंद पडतं. ५५ ते २०० च्या दरम्यान असेल तर त्या व्यक्तीला ऑटिझम सहसा नसतो, पण आईकडून पुढे जाताना ही संख्या वाढू शकते.

इथे कुटुंबाचा इतिहास नीट विचारावा लागतो. आईच्या वडिलांचे हात साठीनंतर थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला? मावशीची पाळी चाळिशीच्या आतच गेली? मामा शाळेत मागे पडला? हे तीन धागे वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वेगवेगळे गेलेले असतात, आणि त्यामागे हे एकच जनुक असू शकतं. नेहमीच्या मोठ्या जनुकीय तपासण्यांत हा बदल सहसा दिसत नाही, म्हणून टेस्ट वेगळी करावी लागते. ती इतर तपासण्यांपेक्षा स्वस्तही आहे.

बाकी कोणत्या टेस्ट असतात?

मुख्य दोन. मायक्रोॲरे आणि एक्सोम. डीएनए म्हणजे जाडजूड पोथी धरली, तर मायक्रोॲरे पानंच्या पानं गळाली आहेत की दोनदा लागली आहेत ते बघते आणि एक्सोम प्रथिनं घडवणाऱ्या भागांतलं अक्षर न् अक्षर वाचते. मायक्रोॲरेत साधारण १० टक्के मुलांचं कारण सापडतं, एक्सोममध्ये आणखी काहींचं. मुलाला फिट येत असतील, बौद्धिक वाढ मागे असेल, हृदय किंवा किडनीत जन्मतः काही असेल, तर सापडण्याची शक्यता बरीच वाढते. शक्य असेल तर एक्सोमसाठी आई-वडिलांचं रक्तही सोबत द्या. सापडलेला बदल नवा की वारशाने आलेला, हे लगेच कळतं.

ऑटिझमचं निदान मात्र या टेस्टवर ठरत नाही. ते मुलाचं वागणं, बोलणं, खेळणं पाहूनच होतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही जनुकीय रिपोर्ट लागत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे ऑटिझम नाही?

आहे. बहुसंख्य ऑटिस्टिक मुलांचे रिपोर्ट नॉर्मलच येतात, कारण वर सांगितलेली छोट्या फरकांची बेरीज या टेस्टमध्ये दिसत नाही.

रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलंय. काय समजायचं?

बदल दिसला आहे, पण तो त्रासदायक आहे की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. अशा बदलावर कोणताही निर्णय घेऊ नका. गर्भाबद्दलचा तर मुळीच नको.

भारतीय कुटुंबांना असे रिपोर्ट जास्त येतात आणि त्याचं कारण आपल्या रक्तात नाही, तुलनेच्या यादीत आहे. जगातला बहुतांश जनुकीय डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आपल्याकडे एखाद्या समाजात सर्रास आढळणारा बदल त्या यादीत नसेल तर प्रयोगशाळेला तो संशयास्पद वाटतो. पोटजातीतच लग्नं होण्याच्या जुन्या रीतीमुळे असे बदल समाजागणिक वेगळे आहेत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात देशभरातल्या सुमारे १० हजार लोकांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये हा डेटा संशोधकांना खुला झाला. फार गरजेचं काम आहे. पण हा निरोगी लोकांचा डेटा आहे. आपल्या ऑटिस्टिक मुलांवरचे मोठे अभ्यास व्हायला हवेत, आणि ते होत नाहीत तोवर अमेरिकेतल्या मुलांची उत्तरं आपण उसनी वापरत राहू.

पैसे मोजके आहेत. टेस्ट करू की थेरपी?

थेरपी. बोलण्याची, ऑक्युपेशनल, जी मुलाला लागते ती आधी. जनुकीय टेस्टमुळे ती थांबता कामा नये.

याला अपवाद आहेत. फिट येत असतील, मूल शिकलेल्या गोष्टी विसरायला लागलं असेल, मुलगी हातांचा वापर सोडून सारखे हात चोळत असेल, अंगावर फिकट पांढुरके डाग असतील, तर टेस्ट पुढे ढकलू नका. फिकट डाग आणि फिट एकत्र असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस असू शकतो, आणि त्यात किडनीवर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं. एससीएन २ ए या जनुकात बदल असेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे यावर फिटचं कोणतं औषध चालेल आणि कोणतं त्रास वाढवेल हे ठरतं. अशा मुलांसाठी टेस्ट हा उपचाराचाच भाग आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि संशोधन संस्थांत या तपासण्या कमी खर्चात होऊ शकतात. खासगी प्रयोगशाळेत पैसे भरण्याआधी तिथे चौकशी करा.

मुलांमध्ये जास्त आणि मुलींमध्ये कमी, असं का?

निदान झालेल्यांत साधारण चार मुलग्यांमागे एक मुलगी असते. मुलींमध्ये तेवढीच लक्षणं दिसायला जास्त मोठे जनुकीय बदल लागतात असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय मुली इतरांचं बघून वागणं शिकतात आणि गप्प मुलगी घरात ‘शहाणी’ ठरते, म्हणून कित्येकींचं निदानच होत नाही.

दुसऱ्या मुलाचा विचार आहे. त्यालाही होईल का?

कारण माहीत नसेल तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भावंडांच्या मोठ्या अभ्यासाचा आकडा धरावा: सुमारे २० टक्के. म्हणजे पाचात एक. पाचांतल्या चार भावंडांना ऑटिझम नव्हता, हेही त्याच आकड्यात आहे. मोठी बहीण ऑटिस्टिक असेल तर शक्यता जास्त, आणि येणारं बाळ मुलगी असेल तर कमी.

कारण सापडलं असेल तर आकडा पार बदलतो. बदल नवा असेल तर तोच पुन्हा होण्याची शक्यता साधारण एका टक्क्याच्या आसपास येते. आई-वडील दोघेही एखाद्या सुप्त बदलाचे वाहक असतील, म्हणजे बदल अंगात आहे पण त्रास नाही, तर प्रत्येक खेपेला चारात एक. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेलं असेल तर ही शक्यता आवर्जून तपासावी. आई फ्रॅजाइल एक्सची वाहक असेल तर बदललेलं गुणसूत्र पुढे जाण्याची शक्यता निम्मी.

गरोदरपणात तपासणी करता येते ती फक्त घरात आधी सापडलेल्या ठरावीक बदलाची. ‘ऑटिझम नाही ना’ हे सांगणारी टेस्ट अस्तित्वात नाही. भ्रूण निवडून ऑटिझम टाळून देतो असं कोणी म्हणत असेल तर उठून यावं. मुलगी असेल तर धोका कमी, म्हणून लिंग बघून द्या असंही काही जण सुचवतात. त्याला कायद्याने बंदी आहे, आणि असायलाच हवी.

लस, मोबाईल, तापाच्या गोळ्या?

लशीचा संबंध नाही. लशीमुळे ऑटिझम होतो अशी शंका पसरवणारा १९९८ सालचा १२ मुलांवरचा ब्रिटिश लेख २०१० मध्ये नियतकालिकानेच मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा पाठपुरावा केला तेव्हाही गोवराच्या लशीने ऑटिझम वाढलेला दिसला नाही. तापाची गोळी पॅरासिटामोल गरोदरपणात घेण्याचा ऑटिझमशी संबंध असल्याच्या, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने केलेल्या विधानांनी इथल्या गरोदर बायकाही घाबरल्या. स्वीडनमधल्या २४ लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर तो संबंध उरला नव्हता. मोबाईलने ऑटिझम होत नाही. पण बोलायला शिकणाऱ्या मुलाचे तास तो खातो, म्हणून कमी करा.

जनुक सापडलं तर इलाज आहे का? स्टेम सेलचं काय?

ऑटिझम घालवणारी जनुकीय उपचारपद्धत आज नाही. सगळ्यात पुढे काम गेलंय ते रेट सिंड्रोमवर, म्हणजे मुली हातांचा वापर सोडून सारखे हात चोळतात त्या आजारावर. १९९९ मध्ये ह्यूस्टनला हुडा झोगबी यांच्या प्रयोगशाळेने त्याचं जनुक शोधलं. २००७ मध्ये एडिनबरात एड्रियन बर्ड यांनी उंदरांत ते पुन्हा चालू केलं आणि आजारी उंदीर सुधारले. २०२३ मध्ये अमेरिकेत पहिल्या औषधाला मान्यता मिळाली आणि जनुक पोहोचवण्याच्या चाचण्या माणसांवर सुरू आहेत. मात्र उंदरांत यश आलं की मुलांतही येईल, असं नाही. फ्रॅजाइल एक्सवरची अशी काही औषधं माणसांवरच्या चाचण्यांत थांबली.

स्टेम सेलवर एकही रुपया घालवू नका. लाखोंची पॅकेजेस विकली जातात, पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचं सांगितलं आहे. जमीन विकून हे करणाऱ्या पालकांबद्दल मला राग येत नाही, त्यांना विकणाऱ्यांबद्दल येतो.

संशोधनासाठी रक्त मागितलं आहे. द्यावं का?

माझं मत, द्यावं, पण विचारून. डेटा कुठे राहणार, परदेशी जाणार का, कंपनीला विकला जाणार का, नंतर नाव काढून घेता येईल का, आमच्या मुलाबद्दल काही सापडलं तर आम्हाला कळवणार का. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये १० हजार लोकांचा डीएनए गोळा करण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि ऑटिस्टिक प्रौढांनीच विरोध केल्यामुळे तो महिन्याभरात थांबवावा लागला. आमच्यासारखी माणसं जन्मालाच येऊ नयेत यासाठी हा डेटा वापरला जाणार नाही याची हमी काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त आहे, आणि संमतीपत्रावर सही करणाऱ्या आपणही तो विचारायला हवा.

जुना रिपोर्ट फेकून द्यावा का?

अजिबात नाही. यादीत दरवर्षी नवी जनुकं येतात. पाच वर्षांपूर्वी ‘काही सापडलं नाही’ असं लिहिलेला एक्सोम आज पुन्हा वाचला तर कधी कधी उत्तर सापडतं, आणि त्यासाठी नव्याने रक्त काढावं लागत नाही. दोन-तीन वर्षांनी प्रयोगशाळेला पुनर्विश्लेषण करून द्यायला सांगा. टेस्ट करतानाच कच्च्या डेटाची फाइल मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. प्रयोगशाळा बंद पडली किंवा गाव बदललं, तरी मुलाचा डेटा तुमच्याजवळ राहील.